सांगाडे कशाची साक्ष देतात?

मोहेंजोदडोचा शेवट आर्यांच्या हल्ल्यात झाला, ही गोष्ट आपल्याकडे अनेक पिढ्यांनी शाळेत ऐकली आणि ती अजूनही अधूनमधून वर्गात सांगितली जाते. तिचा आधार तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

1920 नंतरच्या उत्खननांत तेथील गल्ल्यांत व घरांत सुमारे 37 सांगाडे मिळाले. काही अस्ताव्यस्त पडलेले होते. 1947 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यांची सांगड ऋग्वेदातील 'पुरंदर' इंद्राशी, म्हणजे पुरे फोडणाऱ्या देवाशी, घातली. वास्तविक निरीक्षण एवढेच होते, की रीतसर न पुरलेले सांगाडे मिळाले. 'कत्तल' हा त्यावरून काढलेला अर्थ आणि 'आर्यांनी केलेली कत्तल' हा त्या अर्थावर चढवलेला दुसरा मजला.

पण कत्तल झाली असेल, तर आणखी काय सापडायला हवे? 1964 मध्ये जॉर्ज डेल्स यांनी जुन्या नोंदी याच दृष्टीने तपासल्या. सगळे सांगाडे एका थरातले नव्हते, म्हणजे सगळे मृत्यू एकाच वेळचे मानता येत नव्हते. लढाईत ज्या बालेकिल्ल्याचे रक्षण व्हायचे, तेथे एकही सांगाडा नव्हता. जळिताच्या किंवा विखुरलेल्या शस्त्रांच्या खुणाही नव्हत्या. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे अभ्यासली, तेव्हा बहुतेकांवर प्राणघातक घाव आढळले नाहीत.

नवल असे, की थरांप्रमाणे काटेकोर उत्खनन करण्याची शिस्त भारतात रुजवली ती व्हीलर यांनीच. तरीही तयार कथा हाताशी असल्यामुळे थरांचा प्रश्न मागे पडला. वस्तू स्वतः मुकी असते. ती कोठे, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाली, यावरून ती बोलू लागते. हा संदर्भ सुटला, की तिच्या तोंडून आपणच बोलतो. तेथील 10.5 सेंमी उंचीच्या कांस्यमूर्तीला आपण 'नर्तकी' म्हणतो. मूर्तीत कमरेवरचा हात दिसतो, हातभर बांगड्या दिसतात. नाच दिसत नाही.

याचा अर्थ पुरातत्त्व म्हणजे नुसती कल्पनाशक्ती, असा मात्र नव्हे. डेल्स यांना कत्तलीची कल्पना खोडता आली, कारण ती पुराव्याने तपासता येण्याजोगी होती. विज्ञानातही आपण हेच करतो.

शिक्षकांनी हा धडा घेताना फळ्यावर दोन रकाने करावेत: 'काय सापडले' आणि 'त्यावरून काय ठरवले'. पाठ्यपुस्तकातले प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. एका समाजावर हजारो वर्षांनंतर खुनाचा आरोप ठेवायचा, तर निदान एवढी शहानिशा हवीच.