‘गंज’ या संज्ञेची मर्यादा

वसईच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी गज तांबूस होतो; त्यास ‘गंज’ म्हणणे यथार्थच आहे. परंतु विमानाच्या ॲल्युमिनियमी मिश्रधातूंसही तीच संज्ञा लावणे सदोष होय. त्यांवर पांढरी भुकटी येते, खळगे पडतात; भिन्न धातूंच्या सांध्यात ओलावा शिरल्यास विद्युत्-रासायनिक झीज होते. १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या विमानाचे छत उडाले, त्यास सांध्यांतील झीज व धातूची श्रांती कारण ठरली. तांबड्या डागाची अपेक्षा उपजविणारा शब्द तपासनिसास चकवील. पितळी भांड्यातील आंबटासाठी बोलीनेही ‘कळकणे’ हे वेगळे क्रियापद राखले आहे. म्हणून ‘क्षरण’ ही व्यापक आणि ‘गंज’ ही लोहापुरती संज्ञा मानावी. क्षाराचे प्रक्षालन, संरक्षक लेप, भिन्न धातूंचे विलगीकरण हे उपाय मग नेमकेपणाने सांगता येतील.