भरजरी शालू आणि साधं गाणं

लोकप्रिय गाण्यामागे सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला, की बहुतेक वेळा साध्या मुलीला भरजरी शालू नेसवल्यासारखं होतं. शालू दिसतो, मुलगी हरवते. जपानचे गायक कोजी तामाकी २०१५ पासून असे कार्यक्रम करतात, पण त्यांचं ‘देन-एन’ हरवत नाही. १९९६ चं हे गाणं. नावाचा अर्थ शेतशिवार. बीथोव्हनच्या १८०८ च्या सहाव्या सिंफनीलाही जपानीत हेच नाव! म्हणून वाद्यवृंद आधी बीथोव्हन वाजवतो आणि त्यातूनच हे गाणं उगवतं. नुसती नावाची गंमत नाही हो ही. गाणं आहे रोजच्या जगण्यात धडपडणाऱ्या माणसांचं; थोरांच्या पंगतीत त्यांनाही पाट मिळतो.

तक्रार एकच. संथ गाण्यांत व्हायोलिनं फार दाटून येतात. मूळ गाण्यात श्वास घ्यायला जागा होती, ती बुजते. पण तामाकी माइक बाजूला करून नुसत्या गळ्याने गातात, तेव्हा एवढ्या वाद्यांना आपला आवाज खाली आणावाच लागतो. साठी ओलांडलेला तो उघडा सूर ऐकला, की पटतं: थाट करावा जरूर, पण त्याला गाण्यापुढे वाकताही यायला हवं.