जुलैतला फुटबॉल : सराव बघणाऱ्यांविषयी

मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलं, की सर, विषयाच्या नावात काही छपाईची चूक झाली आहे का? चूक नाही. फुटबॉल क्लब हंगाम सुरू होण्याआधी जे सराव शिबिर घेतात, आणि ते शिबिर जे लोक मन लावून बघतात, त्यावरच बोलणार आहे. समीक्षा सिनेमाची होते, नाटकाची होते, फार तर सामन्याचीही होते. सरावाची कोण करतो? पण जगभर लाखो लोक एखादी गोष्ट बघतात, तिची वाट बघतात, तिच्यावरून भांडतात, तर ती एक कृती आहे असं धरून तिच्याकडे बघायला काय हरकत आहे? आणि हे चंद्रपुरात बसून बोलायला मला जास्त आवडेल. इथून आयएसएलचा सामना प्रत्यक्ष बघायचा म्हटलं तरी रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. म्हणजे आपण सगळे मुळातच लांबचे प्रेक्षक.

सुरुवात एका मुलापासून करतो. आरमोरीकडचं एक गाव. जुलैचे दिवस, रोवणी चालू. बांधीत बाया वाकलेल्या, आणि बांधावर हा माझा जुना विद्यार्थी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात बुडून आलेले, हात शर्टाला पुसलेले आणि हातात मोबाइल. लिव्हरपूलचा लाल रंग मला लांबून ओळखू आला. मी म्हटलं, मॅच आहे का रे? तो म्हणाला, "नाही सर, पळून राहिले."

"मग तू काय बघून राहिला?"

"पळताना बघून राहिलो." (हशा)

हसू नका, मीही तेव्हा हसलो होतो. त्याची आई बांधीतून म्हणाली, "इथं रोवाले माणूस भेटत नाही, अन् हा दुसऱ्याचं पळणं पाहून राहिला." आईचं म्हणणं बरोबरच होतं. तरी मुलाचं उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. सामना बघणारा गोलासाठी बघतो. हा नुसतं पळणं बघत होता. खेळातला जो भाग निव्वळ मेहनत आहे, ज्यात कुणी जिंकत नाही, तो बघत होता. आणि तेही स्वतःच्या मेहनतीतून पाच मिनिटं चोरून.

या पाच मिनिटांत दाखवतात काय, ते आधी बघू. इंग्लंडचा हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो, खेळाडू जुलैत परत येतात. पहिल्या दिवशी वजन, रक्ताची तपासणी, मग धावण्याची चाचणी. मग गोल करून उभं राहायचं आणि मधल्या दोघांना चेंडू लागू द्यायचा नाही, तो खेळ. मग विमान, परदेश दौरा, मैत्रीचे सामने. नव्याने आलेल्या खेळाडूला जेवणाच्या वेळी खुर्चीवर उभं करून गाणं म्हणायला लावतात. आपल्या होस्टेलवर फर्स्ट इयरच्या मुलांना लावायचे, तसंच. हे सगळं क्लबचाच कॅमेरा टिपतो, क्लबच कापतो आणि क्लबच आपल्याला देतो.

इथे माझी पहिली तक्रार आहे. तुम्ही ही चित्रं नीट बघा. त्यात चुकलेला पास जवळजवळ सापडत नाही. कुणी दमून उलटी करत नाही, प्रशिक्षक कुणावर ओरडला तरी तो लाडाने ओरडतो. सरावाचा अर्थच मुळी चुकायची जागा असा आहे. चुका कापून टाकलेला सराव म्हणजे प्रॉम्प्टर झाकून ठेवलेली तालीम. मेहनत दाखवतो म्हणून सांगायचं आणि दाखवायची जाहिरात.

तरी लोक बघतात, कारण जुलै महिन्यात गुणतक्ता कोरा असतो. सगळे शून्यावर. वर्षभर हरलेल्या माणसाला याच्याइतकं सुख कशात नाही. मी एकच उदाहरण देतो, २०१४ चं. मँचेस्टर युनायटेडचा नवा प्रशिक्षक लुई व्हॅन गाल, नुकताच नेदरलँड्सला विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवून देऊन आलेला. अमेरिकेचा दौरा. पहिल्याच सामन्यात लॉस एंजेलिस गॅलक्सीला ७-० असं हरवलं. २ ऑगस्टला मिशिगनमध्ये रिआल माद्रिदविरुद्धचा सामना बघायला १,०९,३१८ लोक आले. युनायटेड ३-१ जिंकलं. मग लिव्हरपूलला हरवून त्या दौऱ्याचा चषकही घेतला. सगळीकडे एकच बोलणं, की झालं, जुने दिवस परत आले. १६ ऑगस्टला लीगचा पहिला सामना, घरच्या मैदानावर, समोर स्वानसी. १-२ हरले. २६ ऑगस्टला तिसऱ्या श्रेणीतल्या एमके डॉन्सकडून ०-४. सात गोलांचा तो जुलै कुठे गेला? कुठेच गेला नाही. जुलै जुलैतच राहतो. हे प्रत्येक चाहत्याला माहीत असतं, आणि तरी पुढच्या जुलैत तो पुन्हा बांधावर मोबाइल घेऊन उभा असतो. याला कुणी मूर्खपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस बघून कोण पिकाचा हिशोब करत नाही?

आता थोडं आपल्या भागाकडे येतो, कारण हंगामाआधीची तयारी बघणारे चाहते आपल्याकडे फार जुने आहेत. झाडीपट्टीची रंगभूमी घ्या. दिवाळी झाली, धान निघायला लागलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. पण त्याच्या आधी वडशाला काय चालतं ते ज्यांनी बघितलंय त्यांनी हात वर करा. ... बरेच आहेत. मंडळ्यांची ऑफिसं, बाहेर नव्या नाटकांची पोस्टरं आणि गावोगावहून आलेली पोरं. यंदा नायिका कोण, कॉमेडी कोणाची, लावणीला कोण येणार, गेल्या वर्षीचा तो खलनायक आहे की दुसऱ्या मंडळीत गेला? ही सगळी चौकशी करून, भाव पाडून, मग नाटक ठरवायचं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना या रंगभूमीचं कौतुक वाटलं. पण तिला घडवणारा प्रेक्षक मला या ऑफिसांच्या पायऱ्यांवर दिसतो. तो तयारीच्या वेळी प्रश्न विचारू शकतो. नाटक पडलं तर पुढच्या वर्षी त्या मंडळीच्या दारात जात नाही. त्याच्या हातात काहीतरी असतं.

बांधावरच्या माझ्या विद्यार्थ्याच्या हातात काय आहे? अंगठा. आवडलं तर दाबायचा.

कधीकधी लांबचा प्रेक्षकही चिडतो. ४ फेब्रुवारी २०२४, हाँगकाँग. इंटर मायामीचा हंगामपूर्व दौरा; त्यांचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो. लोकांनी तिकिटं कशासाठी काढली होती हे वेगळं सांगायला नको. मेस्सी दुखापतीमुळे शेवटपर्यंत बाकावर बसून राहिला. मैदानभर आरडाओरडा, पैसे परत द्या म्हणून घोषणा. तीन दिवसांनी टोकियोत तो खेळायला उतरला, तेव्हा तर आणखीच भडका उडाला. आयोजकांना शेवटी तिकिटाचे अर्धे पैसे परत करतो असं जाहीर करावं लागलं. काही पंडित म्हणाले, सरावाचाच सामना होता, एवढं काय? माझ्या मते प्रेक्षकांचं बरोबर होतं. विकताना उत्सव म्हणून विकायचं आणि हिशोब मागितला की सराव म्हणायचं, हे दोन्ही कसं चालेल?

पण याच प्रकारातून एकदा फार खरी गोष्ट घडलेली मी पाहिली आहे. ३ जुलै २०२५ ला लिव्हरपूलचा दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. जोटाचं लग्न होऊन पंधरवडाही झाला नव्हता. खेळाडूंची सरावाला परतायची तारीख पुढे ढकलली. १३ जुलैला प्रेस्टनच्या मैदानावर पहिला मैत्रीचा सामना झाला. लिव्हरपूल ३-१ जिंकलं, पण ते विचारतो कोण? डार्विन नुन्येझने गोल केला आणि जोटा जसा आनंद साजरा करायचा तशीच नक्कल करून दाखवली. स्पर्धा नव्हती, गुण नव्हते, जिंकायचा दबाव नव्हता, म्हणूनच ते शक्य झालं असं मला वाटतं. त्या दिवशी कापून टाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याचा मला फोन आला होता. तो बोलला काहीच नाही फारसं. "सर, पाहिलं का?" एवढंच.

आता याच्या शेजारी एक सिनेमा ठेवतो. नागराज मंजुळे यांचा 'झुंड', ४ मार्च २०२२ ला आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला. खेळाच्या सिनेमात एक ठरलेला तुकडा असतो : पहाट, पळणारी मुलं, जोरकस संगीत, आणि गाणं संपेपर्यंत संघ तयार. 'झुंड'चा उत्तरार्ध त्या वाटेने जात नाही. परदेशी स्पर्धेला जायचं ठरल्यावर सिनेमा मैदानावरून उठतो आणि कागदांच्या मागे लागतो. पासपोर्ट, ओळखीचा पुरावा, पोलिसांतली नोंद, व्हिसा. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप, तू तूच आहेस हे सिद्ध करणारा कागद शोधत फिरतात. सिनेमा लांबला, उत्तरार्धात खेळ कमी आहे, अशी टीका तेव्हा झाली. लांबीबद्दल माझं दुमत नाही. पण खेळ कमी का आहे, हे टीकाकारांनी बघायला हवं होतं. या मुलांचं हंगामपूर्व शिबिर म्हणजे तो कागदांचा फेरा. फिटनेसची चाचणी तहसीलच्या रांगेत होते.

हे मी सिनेमावरून सांगत नाही. बांधावरचा हा मुलगा शाळेत असताना चांगला बचावपटू होता. तालुक्याच्या संघात निवडला गेला, जिल्ह्याला जायचं होतं. एक दाखला वेळेत हातात आला नाही. नावात एका अक्षराची चूक होती. तो राहिला घरी. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहीत आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. रस्ता दोनचार दिवसांत सुरू होतो; अक्षर दुरुस्त व्हायला त्याला पाच महिने लागले. तेव्हापासून त्याने स्पर्धेत फुटबॉल खेळलेला नाही. दुसऱ्यांचं पळणं तो का बघतो, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हे एवढंच आहे, आणि ते त्याला विचारून मी खात्री केलेली नाही. करायची हिंमत झाली नाही.

भारतीय क्लबच का बघत नाहीस, हे मात्र मी त्याला विचारलं होतं, जरा मास्तरकीच्या सुरात. ते वर्ष नेमकं २०२५. ११ जुलैला आयएसएलच्या आयोजकांनी क्लबांना कळवलं, की महासंघाबरोबरच्या करारावर निर्णय होत नाही तोवर हंगाम थांबवून ठेवतोय. पंधरा वर्षांचा करार, डिसेंबरात संपणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक. तरी जुलै उजाडेपर्यंत कुणी हललं नाही. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईयननेही तेच केलं. सराव तरी कशासाठी करायचा, हंगामच नाही तर? मुलगा म्हणाला, "सर, माझा क्लब पळून तरी राहिला. तुमचा बसून आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. देशी खेळावर प्रेम करा असं व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे. पण प्रेम करायला समोर काहीतरी हलताना दिसावं लागतं.

बोलता बोलता वेळ झाली. एक चिठ्ठी मघापासून माझ्यासमोर आहे, आता वाचतो. "सर, तुम्ही लिव्हरपूलबद्दल एवढ्या मायेने बोललात. तुमचा क्लब तोच का?"

नाही हो. मी युनायटेडवाला. १,०९,३१८ हा आकडा मी कागदात न बघता सांगितला, तेव्हाच तुमच्या लक्षात यायला हवं होतं. (हशा) चला, बाकीचे प्रश्न घेऊ.