जमीन नसलेल्यांचा जामीन

आपल्या साहित्यात पोलीसचौकी आहे, लाठी आहे, कोठडी आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (1959) मांगवाड्याची हजेरी आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (1987) जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीच्या पाठीवरचे वळ आहेत. पण अटकेनंतर आणि निकालाआधी जो लांबलचक काळ असतो, ज्यात आपला माणूस कायद्याने निर्दोष असूनही गजाआड असतो, तो काळ आपल्या लेखनात जवळजवळ आलेलाच नाही. जामीन हा आपल्या लेखकांना कागदपत्रांचा, वकिलाचा, रुक्ष विषय वाटला. माझे म्हणणे असे की जातिव्यवस्थेचा आजचा चेहरा याच रुक्ष कागदांत लपलेला आहे, आणि तो वाचणे हे समीक्षेचेही काम आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'जामीन' हा अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. 'तो मला जामीन राहिला' असे आपण आजही म्हणतो. म्हणजे जामीन ही सुटका नव्हे. जामीन हा माणूस आहे. ज्याच्या मागे असा माणूस उभा राहील त्याचीच सुटका. आणि तो माणूस कोण? ज्याच्याकडे सात-बारा आहे, घरपट्टीची पावती आहे, पगाराचा दाखला आहे, तहसीलदाराचे ऐपत प्रमाणपत्र आहे. जामीन आणि जमीन यांत एका कान्याचा फरक. व्यवहारात तोही उरत नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याला न्यायालय सांगते, जमीनवाला माणूस घेऊन या. जातीचा उल्लेख कुठेही नाही, आणि तरी जात आपले काम चोख बजावते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटाची आपल्याकडे बरीच चर्चा झाली. वीरा साथीदार यांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे आपल्या वस्तीतलाच वाटतो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याला अडकवले जाते. पुढे जामीन मंजूर होतो. पण रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची. ती त्याचा सुखवस्तू वकील स्वतःच्या खिशातून भरतो. समीक्षकांनी न्यायालयाच्या कंटाळवाण्या संथपणाचे कौतुक केले; या प्रसंगावर फार कोणी थांबले नाही. मला तो कळीचा वाटतो. सुटकेचा आदेश हातात आहे आणि माणूस सुटत नाही. सुटतो तो एका भल्या माणसाच्या उदारपणाने. म्हणजे हक्काचे रूपांतर दयेत झाले. चित्रपट हे दाखवतो, पण चटकन पुढे जातो. ज्याला असा वकील भेटत नाही त्या कांबळेचे काय होते, हा प्रश्न पडद्याबाहेर राहतो. तो प्रश्न नवी मुंबईत रोज उभा असतो.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभे राहिले. ते कोणी उभारले? 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि विदर्भातून हुसकावलेल्यांनी, दगडखाणीत राबणाऱ्यांनी, नाक्यावर सकाळी मजुरीची वाट पाहणाऱ्यांनी. दिघा, तुर्भे, नेरूळच्या झोपडपट्ट्यांत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या. यांच्यातला एखादा तरुण मारामारीच्या किंवा चोरीच्या संशयावरून आत गेला, की त्याची आई बेलापूरच्या कोर्टाच्या आवारात येते. मी तिथल्या ओसरीवर अशा कितीतरी आया पाहिल्या आहेत. साहेबांनी पंधरा-वीस हजारांचा जामीन दिला, हे तिला कळते. ते पैसे भरायचे की नुसते दाखवायचे, हे तिला कोणी समजावत नाही.

म्हणून ते इथे सांगतो. न्यायालय ठरवते ती रक्कम सहसा भरायची नसते. आरोपी हजर राहिला नाही तर ती आपण देऊ, असे जामीनदाराने लिहून द्यायचे असते. त्याची ऐपत तेवढी आहे का, हे कागदांवरून तपासले जाते. आरोपीने एकट्याने लिहून दिले तर तो जातमुचलका. त्याला जामीनदार लागत नाही. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रक्कम भरून सोडतात, त्याला कोर्टात 'कॅश बेल' म्हणतात. आरोपी तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते. हे तीन शब्द त्या आईला कळले असते तर पुढचा बाजार निम्मा बसला असता.

हा बाजार म्हणजे आवारात फिरणारा दलाल. 'माणूस आणून देतो' म्हणतो. आणलेला माणूस आरोपीला ओळखतही नाही. शिधापत्रिका कधी खरी, कधी बनावट. खोट्या कागदांवर जामीन राहणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या मुंबई-ठाण्यात अधूनमधून येतच असतात. या दलालाला दिलेला पैसा परत येत नाही. कागद खोटा निघाला तर जामीन रद्द होतो, आणि आईच्या गळ्यात फसवणुकीचा नवा गुन्हा येतो. अमेरिकेत हाच धंदा परवान्याने चालतो. दुकानदार सुमारे दहा टक्के रक्कम कायमची ठेवून घेतो आणि हमी भरतो. तिथल्या इलिनॉय राज्याने सप्टेंबर 2023 मध्ये पैशावरचा जामीनच बंद केला. आपल्याकडे अशा एजन्सीला कायद्यात जागाच नाही. एक माणूस किती जणांना जामीन राहिला आहे, हेही त्याला न्यायालयात सांगावे लागते. तेव्हा 'चांगला एजंट कोणता?' असे विचारणाऱ्या कार्यकर्त्याला माझे उत्तर एकच: कोणताही नाही.

प्रस्थापित म्हणतील, कायदा सर्वांना सारखा आहे. 2021 च्या ऑक्टोबरात एका सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला. एक सिनेतारका स्वतः न्यायालयात येऊन एक लाखाला जामीन राहिली. तरी कागद तुरुंगाच्या पेटीत वेळेत पडला नाही म्हणून त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली, आणि देशभर हळहळ झाली. तळोजाच्या तुरुंगात अशा रात्री मोजायला कोण बसले आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या कैद्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. म्हणजे चार लाखांवर माणसे, निकालाविना.

तळोजाचा तुरुंग खारघरजवळ, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बेलापूर, वाशी, तुर्भे ठाणे जिल्ह्यात. शहर एक, जिल्हे दोन, आणि जामीनदार 'स्थानिक'च हवा असा आग्रह. तुर्भ्याच्या मजुराचा भाऊ जालन्याला असेल तर तो स्थानिक कसा ठरणार? या आग्रहाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच लावला होता. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवून त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितले. 31 जानेवारी 2023 ला त्याच न्यायालयाला स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असे पुन्हा सांगावे लागले. पंचेचाळीस वर्षांत तेच वाक्य दोनदा उच्चारावे लागते, याला मी न्यायालयाचे मोठेपण म्हणत नाही. व्यवस्थेचा निगरगट्टपणा म्हणतो.

याच तळोजातून आनंद तेलतुंबडे 26 नोव्हेंबर 2022 ला, संविधानदिनी, बाहेर आले. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 ला जामीन दिला. ते बाहेर आले 24 तारखेला. ज्यांच्यामागे वकील, वर्तमानपत्रे आणि चळवळ उभी होती, त्यांच्यासाठीही आदेश आणि दरवाजा यांत पंधरा दिवसांहून अधिक अंतर पडले. नाव नसलेल्या पारध्याच्या पोराचे अंतर किती असेल? गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला; पण पत्ता नाही म्हणून जामीनदार नाही, आणि जामीनदार नाही म्हणून तुरुंग, हे चक्र त्याच कायद्याची सावली आहे.

मग करायचे काय? नुसता निषेध पुरणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 484 सांगते की रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी. ते कलम वकिलाकडून न्यायालयापुढे मांडून घ्या. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी निर्धन मानून त्याला जातमुचलक्यावर सोडायचे असते. आदेश होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. महिना उलटला तर न्यायालय अटी सैल करू शकते. केंद्राच्या 2023 च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्यासाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. हे सारे कागदावर आहे. ते कागदावरून तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जात नाही. ते आपण न्यायचे आहे.

आणि एक काम अधिक अवघड. वस्तीतले माथाडी, पालिकेतले कायम कामगार, शिक्षक, बँकेतले कारकून, म्हणजे आरक्षणाने आणि संघर्षाने ज्यांच्या हाती पगाराचा दाखला आला ते आपले लोक, शेजारच्या पोराला जामीन राहायला कचरतात. भीती खोटी नाही. आरोपी पळाला तर रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. पण जयंतीला वर्गणी देणारा हात इथेच का आखडतो? प्रत्येक विहारात तयार जामीनदारांची यादी असावी, आरोपीला तारखेला नेऊन उभे करण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. जोखीम वाटली गेली की भीतीही वाटली जाते. शिकणे आणि संघटित होणे यांचा आजचा एक अर्थ मला असा दिसतो.

लेखकांनाही एवढेच सांगणे आहे: तुरुंगावर पुष्कळ लिहिले गेले. आता त्या ओसरीवर लिहा, जिथे हातात आदेश घेऊन एक आई जामीन राहणारा माणूस शोधते आहे.