यंत्रातला राग आणि नगराचा प्रहर

‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ साली मुंबईत निघाली. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वावरलेल्या चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्या साहाय्याने तीत दहा राग मांडले. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर मात्र शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताची पूर्वसूरी म्हणून तिचा गौरव झाला. शिकागोचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चे, तेव्हा कालक्रमाविषयी वाद नाही. परंतु पूर्वसूरी ठरविण्याच्या या उत्साहात मुंबईतील कृतीचे मोल परक्या मापाने केले जाते आणि तिचे स्वतःचे प्रश्न बाजूला पडतात.

त्यांपैकी पहिला प्रश्न स्वराचा आहे. रागाचे व्यक्तित्व नुसत्या आरोह-अवरोहात सामावत नाही. श्रुतींचे सूक्ष्म भेद, आंदोलन आणि मींड यांतून ते साकारते. सिंथेसायझरच्या पट्ट्यांवरील बारा स्वर समान अंतरांवर बांधलेले असतात. अशाच आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० साली संवादिनीवर बंदी घातली होती. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि प्रथमश्रवणी ती मींडेचा भास निर्माण करते. तथापि त्या घसरणीचा अवधी यंत्राने आधीच ठरविलेला असतो. गायक वाटेत रेंगाळू शकतो, यंत्राला ती मुभा नाही. तोडीचा अतिकोमल गांधार येथे शोधणे व्यर्थ होय.

ही हानी मान्य केल्यावरच या कृतीची खरी उपलब्धी दिसते, आणि ती काळाच्या संदर्भात आहे. ललित पहाटेचा, यमन सायंकाळचा, मालकंस मध्यरात्रीचा आणि मेघ मल्हार वर्षाऋतूचा. येथे मात्र हे सारे राग एकाच अखंड, समान आघाताखाली येतात आणि प्रहरांचे भेद पुसले जातात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांच्या या नगराने आपले प्रहर पूर्वीच यंत्राच्या स्वाधीन केले होते; संगीताने त्याची नोंद येथे घेतली. आज भ्रमणध्वनीवर कोणताही राग कोणत्याही घटकेस ऐकणाऱ्या श्रोत्याची स्थिती याहून वेगळी नाही.

परंपरा यंत्रात सुखरूप पोहोचली, असा दावा ही तबकडी करीत नाही. या प्रवासात काय गळाले, ते ती ऐकू देते. तिचे वाङ्मयेतर, पण सांस्कृतिक महत्त्व या प्रामाणिकपणात आहे.