'तारणासाठी' या शब्दाचा अर्थ काय?

बायबल आकाशातून तयार होऊन पडलं, असं कॅथलिक चर्च म्हणत नाही. देवाची प्रेरणा आणि माणसाचं खरंखुरं लेखन, दोन्ही ते मानतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे 'देई वर्बुम' या दस्तऐवजात मांडलं. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी तो २३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. अवघे २६ परिच्छेद आहेत, फोनवर एका बैठकीत वाचून होतात. मी तो समितीने लिहिलेला मजकूर म्हणून वाचला. (दिवसभर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचणाऱ्याला ही सवय लागतेच.)

मतांचा आकडा फसवा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिल्या मसुद्यावरची चर्चा थांबवा म्हणणारे १३६८ होते, चालू ठेवा म्हणणारे ८२२. दोन तृतीयांश काही भरले नाहीत. शेवटी पोप तेविसावे जॉन यांनीच मसुदा मागे घेऊन नव्या समितीकडे सोपवला.

सगळ्यात जास्त ओढाताण दिसते ती अकराव्या परिच्छेदात. बायबलमध्ये चूक नाही, म्हणजे नेमकी कशाबद्दल नाही? एका मसुद्यात 'तारक सत्य' असा शब्दप्रयोग होता. काहींना भीती वाटली, की मग इतिहासाच्या बाबतीत चुका मान्य केल्यासारखं होईल. पोप सहावे पॉल यांनी तो बदलायला सुचवलं. अंतिम वाक्याचा आशय असा, की देवाला आपल्या तारणासाठी जे सत्य ग्रंथात यायला हवं होतं, ते तिथे बिनचूक आहे. आता 'तारणासाठी' हा शब्द त्या सत्याला मर्यादा घालतो, की फक्त हेतू सांगतो? दोन्ही अर्थ निघतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक हेच वाक्य पुढे करतात. मला हे चातुर्य खटकतं. मतं जमली, पण निवाडा वाचकाच्या गळ्यात पडला.

बारावा परिच्छेद मात्र मला मनापासून आवडला. लेखकाला काय म्हणायचं होतं ते शोधा, त्याच्या काळाचे वाङ्मयप्रकार ओळखा, असं तो सांगतो. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी, प्राणी नंतर. घटनांची नोंदवही म्हणून वाचलं तर हा सरळ बग आहे. दोन वेगळी कथनं म्हणून वाचलं तर दोन्ही उभी राहतात. पोथीतली फलश्रुती आपण विमा पॉलिसीसारखी वाचत नाही, तसंच हे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये बायबलची कथा ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त सांगितली, तेव्हा वाङ्मयप्रकाराची ताकद त्यांना नक्कीच कळली होती.

पण याच परिच्छेदाच्या शेवटी अर्थाचा अंतिम निर्णय चर्चकडे जातो. दहाव्या परिच्छेदात म्हटलंय, की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, तो त्याचा सेवक आहे. सेवकाने अर्थ चुकीचा लावला तर ते सांगायचं कोणी, याबद्दल २६ परिच्छेदांत मला एक ओळही सापडली नाही.