वाढपी शेवटी जेवतो

‘अगेन्स्ट द ऑड्स’ हा २०१९चा माहितीपट मी तीनदा पाहिला. तिन्ही वेळा डोळे पाणावले. तरीही संघ कशाने जुळतो, या प्रश्नाचं तो चुकीचं उत्तर देतो असं माझं मत आहे.

गोष्ट ओजी या युरोपीय डोटा २ संघाची. मे २०१८च्या अखेरीस फ्लाय आणि एस४ संघ सोडून ईव्हिल जीनियसेसकडे गेले. फ्लाय म्हणजे कॅप्टन नोटेलचा जुना मित्र. उरले नोटेल आणि जेरॅक्स. मग प्रशिक्षक सेब स्वतः खेळायला बसला, विश्रांती घेत असलेला आना परतला आणि मोठ्या स्टेजचा अनुभव नसलेला टॉपसन आला. खुल्या पात्रता फेरीतून ते व्हँकूव्हरच्या ‘द इंटरनॅशनल’ला पोचले, वाटेत ईव्हिल जीनियसेसला हरवलं आणि अंतिम फेरीत पीएसजी.एलजीडीला ३-२ने नमवलं.

माहितीपट हे सगळं दगा, जखम आणि सूड या साच्यात ओततो. पण मैत्रीच जिंकून देत असती तर जुना ओजी फुटला कसा? तिथेही मित्रच होते की. आणि सूडानेच बळ दिलं म्हणावं, तर २०१९मध्ये शांघायला याच पाच जणांनी टीम लिक्विडला ३-१ने हरवून पुन्हा विजेतेपद मिळवलं. तेव्हा कुणाचा सूड उगवायचा होता? हा माहितीपट बनवणारी रेड बुल तेव्हा ओजीची प्रायोजकही होती, हे विसरू नका. प्रायोजकाला भावना दाखवायला आवडतात, हिशेब नाही.

हिशेब असा. डोटात नकाशावरचं सोनं मर्यादित. खेळाडूंचे क्रम एक ते पाच. पहिल्याला, म्हणजे कॅरीला, सर्वांत जास्त मिळतं आणि पाचव्याला उरलंसुरलं. त्या काळी त्यातूनच तो सगळ्यांसाठी वॉर्डही विकत घ्यायचा. नोटेल पूर्वी कॅरी होता. संघाचा संस्थापक, कॅप्टन. या नव्या संघात तो पाचव्या जागेवर खेळला आणि पहिली जागा होती अठरा वर्षांच्या आनाची. पाचव्या जागेवरचे कॅप्टन इतर संघांतही असतात, मान्य. पण भरलेलं ताट एकदा अनुभवून, मग पंगतीत वाढपी होणं वेगळं. असा माणूस ‘धोका पत्कर’ म्हणाला की समोरच्याला ते खरं वाटतं.

त्यामुळे मला व्हॉल्वचा ‘ट्रू साइट’ जास्त प्रामाणिक वाटतो. अंतिम सामन्यातलं खेळाडूंचं आपसातलं बोलणं त्यात ऐकू येतं. १-२ने मागे पडल्यावरही ओजीच्या बोलण्यात दोष कुणाचा यापेक्षा पुढे काय करायचं हेच जास्त आहे. चौथ्या डावातली सेबची ॲक्सवरची गाजलेली उडी त्याच मोकळेपणातून आली, असं मी मानतो. पुढच्या वर्षी आनाने आयो हा एरवी सपोर्टचा हिरो चक्क कॅरी म्हणून खेळवला. चुकायची मुभा नसलेल्या संघात हे कुणाला सुचलं तरी तो बोलला नसता.

तुमचा बीजीएमआयचा स्क्वॉड आठवा. तिथे किती जिगरी दोस्त आहेत ते मोजू नका. लेव्हल ३चं हेल्मेट सापडलं की सगळ्यांत जास्त हुकूम सोडणारा काय करतो, तेवढं बघा.